थंड ब्रेक

गार्थ पायबसच्या निळ्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची असली की नरेलला शेडमधून हाक यायची. हातातलं काम टाकून ती जायची आणि स्टिअरिंगमागे बसायची. गार्थ चाकाशी जमिनीवर आडवा व्हायचा.

"दाब."

ती पेडल दाबायची.

"धरून ठेव. सोडू नकोस हं."

पाना करकरायचा, पारदर्शक नळीतून काळपट ऑइल बुडबुड्यांसकट बाटलीत उतरायचं आणि पेडल तिच्या पायाखाली सावकाश खोल जायचं.

"हां, आता सोड."

असं चारही चाकांचं, ऑइल स्वच्छ येईपर्यंत. नवराबायकोनं मिळून करायची कामं त्यांच्या घरात थोडीच उरली होती, म्हणून नरेल कधी कुरकुरली नाही. मूलबाळ नव्हतं. गार्थ दुधाचा टँकर चालवायचा, ती गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. गार्थचा जीव मात्र त्या निळ्या गाडीत. आठवडाभर ती साध्या गाडीसारखी रस्त्यावर फिरायची आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी रेसच्या ट्रॅकवर जायची. तिथं हौशी लोक पैसे भरून आपापल्या गाड्या पळवायचे. बक्षीस नाही, नंबर नाही, नुसती हौस.

त्या जुलैतल्या शनिवारी गार्थनं ब्रेकचं सगळंच काम काढलं होतं. ऑइल बदललं, पुढच्या डिस्कवर वारा यावा म्हणून बंपरमधून दोन जाड नळ्या आत सोडल्या आणि डिस्कला आवळून चाक थांबवणारे, खास ट्रॅकचे नवे पॅड बसवले. एक पॅड त्यानं तिच्यापुढे असा धरला, जसा कुणी बाजारातून आणलेला मासा दाखवावा.

"हे बघ. गाडीला येतात ते साधे पॅड तिसऱ्या फेरीला धूर सोडतात, मग पाय कितीही दाबा. याला आगीत घाल, ढिला पडायचा नाही. जितका तापेल तितका चावेल."

"माझ्या आश्रमातला तवा तसाच आहे," नरेल म्हणाली. "तापल्याशिवाय कामाचा नाही."

"अगदी बरोबर!" गार्थ हसला आणि पुन्हा गाडीखाली गेला.

रविवारी संध्याकाळी तो ट्रॅकवरून परतला तेव्हा गाडी गल्लीत वळतानाच कर्कश किंचाळली. चेहरा काळवंडलेला, पण खूश होता. ट्रॅकचे पॅड काढून साधे बसवूनच घरी निघायचं, हा त्याचा नेहमीचा रिवाज. त्या दिवशी पाऊस झोंबत होता, अंधारून आलं होतं आणि भल्या पहाटे टँकर घेऊन निघायचं होतं.

"पॅड उद्या बदलतो," मटणाचा तुकडा तोंडात टाकत तो म्हणाला. "आज अंगात त्राण नाही."

नरेलनं ऐकलं आणि सोडून दिलं. त्या बोलण्यात ऐकण्यासारखं काही आहे, हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

रात्रीत आभाळ मोकळं झालं आणि सकाळी सगळं विल्मोर गाव पांढरंफटक पडलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानियाच्या त्या सखल भागात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, असं गोठणं नवं नाही. नरेलनं स्वतःच्या गाडीची किल्ली फिरवली, तर बॅटरीनं मान टाकलेली. गार्थ केव्हाच गेला होता. तिनं फोन लावला.

"माझी गाडी मेली रे. तुझी निळी नेऊ का?"

पलीकडून टँकरची घरघर येत राहिली.

"ऐकतोयस ना?"

"हो. ने. किल्ली खुंटीला आहे. हळू जा, थंडी फार आहे."

आश्रमापर्यंतचा रस्ता सरळ, त्या वेळी रिकामा. ब्रेक लावायची वेळच आली नाही. चर्चच्या उतारावर ऊन पडून रस्ता वाळला होता. उतरताना तिला खाली क्लॅरी वायनी रस्ता ओलांडताना दिसला. चांगला लांबून दिसला. लोकरी टोपी, काठी, काखेत घडी केलेलं वर्तमानपत्र. म्हातारा रोज सकाळी आश्रमात यायचा. त्याची बायको ऊना तिथं होती. तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण क्लॅरीच्या हातून ती खायची. नरेल ओटची गरम पेज एका निळ्या वाडग्यात त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवायची, वर साय आणि मधासारखा पाक. "आज पण मीच आधी चाखणार, मग राणीसाहेब," असं म्हणून तो वाडगा उचलायचा.

नरेलनं ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं कडक लागलं आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. ती घसरली नाही, करकरली नाही. गाडीत ब्रेक नावाची वस्तूच नसल्यासारखी उतरत राहिली. नरेल दोन्ही पायांनी पेडलवर जवळजवळ उभी राहिली आणि तळहातानं हॉर्न दाबून धरला. क्लॅरीनं वर पाहिलं. त्यानं तिला ओळखलं. ती थांबणार असं धरून त्यानं काठीचा हात उचलून तिला नमस्कार केला.

अँब्युलन्स येईतो त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. अँब्युलन्स आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सार्जंट नेटलफोल्ड गावातलाच. त्याची आईसुद्धा आश्रमात नरेलच्या हातचं खायची. तो तिच्याशी हळू आवाजात बोलला, त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

"तुला तो दिसला कधी?"

"वरून. चर्चपाशी."

"आणि ब्रेक?"

"तेव्हाच दाबला. लगेच."

"नरेल, रस्ता कोरडा होता. चर्चपासून खालपर्यंत थांबायला भरपूर जागा आहे."

"मला माहीत आहे. मी दाबला होता. गाडी थांबली नाही."

गाडी तपासायला शहरातल्या वर्कशॉपात नेली. तिथल्या माणसानं ती आवारातून फिरवत आणून मशीनवर चढवली आणि मोजमाप घेतलं. आठवड्यानं नेटलफोल्ड अहवाल घेऊन आला. स्वयंपाकघरात टेबलाशी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"पॅड नवे आहेत. ऑइल नवं. डिस्क उत्तम. तपासणारा म्हणाला, इतके चांगले ब्रेक त्याच्याकडे क्वचित येतात." त्यानं गार्थकडे पाहिलं. "तुझं काम चोख असतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

गार्थ बेसिनपाशी पाठमोरा उभा होता. कप विसळत होता.

"मग मी काय केलं?" नरेलनं विचारलं. "पाय दुसऱ्याच पेडलवर होता का माझा?"

"घाबरलं की होतं असं," नेटलफोल्ड म्हणाला. "आपण केलं असं वाटतं, पण केलेलं नसतं. तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत."

निष्काळजीपणानं गाडी चालवून माणसाच्या मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा तिच्यावर दाखल झाला. आश्रमाच्या बाईंनी तिला सांगितलं, काही दिवस घरीच थांब. क्लॅरी गेला त्या दिवसापासून ऊना सकाळी दाराकडे बघत बसते आणि कुणी चमचा पुढे केला की तोंड मिटून घेते, हेही त्यांनी सांगितलं. न सांगून चाललं असतं.

क्लॅरीची मुलगी लॉर्ना एकदा दुकानात समोर आली. हातातली टोपली तिथंच खाली ठेवून ती बाहेर निघून गेली. नरेल त्या टोपलीकडे बघत उभी राहिली. पाव, मेणबत्त्या, मांजराचं खाणं. त्यानंतर तिनं दुकानात जाणं सोडलं.

गार्थ तिची फार काळजी घेऊ लागला. इतकी काळजी त्यानं कधी घेतली नव्हती. सकाळी निघायच्या आधी उशाशी चहा ठेवायचा, डॉक्टरनं दिलेली झोपेची गोळी आठवणीनं द्यायचा. ती अंथरुणात बसून तेच तेच बोलायची.

"मी दाबला होता रे. पायाला अजून कळतंय."

"अगं, पायाला काय कळतं? तू दमली होतीस. भल्या सकाळची वेळ. कुणाच्याही हातून झालं असतं."

"म्हणजे माझ्या हातून झालं."

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

तो तिच्या केसांवरून हात फिरवायचा. आणि हळूहळू नरेलला स्वतःचं खरं वाटेनासं झालं. आठवणीत पेडल कधी कडक लागे, कधी पायाखाली काहीच नसे. आपण असं माणूस आहोत की जे समोर म्हातारा बघून नुसतं बसून राहिलं, हे तिनं जवळजवळ मान्य केलं होतं. निळी गाडी पोलिसांनी परत दिली. तिचा बंपर आणि काच फुटलेलीच होती. गार्थनं ती शेडमध्ये ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि शेडचं दार ओढून घेतलं. त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही.

ऑगस्ट संपता संपता आनेके टर्पस्ट्रा आली. आनेकेचा गावाबाहेर गाईंचा गोठा. तिचं दूध गार्थच्याच टँकरमधून जायचं आणि ट्रॅकच्या क्लबात गाड्या आत सोडण्याआधी तपासायचं काम तिच्याकडे होतं. हाडापेरानं भक्कम, तोंडानं फटकळ बाई. येताना सायीचं पातेलं घेऊन आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "काय अवतार केलायस! आंघोळ तरी करतेस का?"

कितीतरी दिवसांनी कुणी तिच्याशी साधं बोललं होतं. नरेलला रडू आलं आणि तिनं सगळं सांगितलं. दगडासारखं पेडल, न करकरलेली चाकं, नवे पॅड, चांगले ब्रेक.

आनेकेच्या हातातला कप टेबलावर टेकला.

"कुठले नवे पॅड?"

"त्यानं शनिवारी बसवले ते."

"ते काढले होते ना त्यानं? ट्रॅकवरनं निघताना बदलतोच तो. त्या दिवशी पावसात आम्ही सगळे पळालो, मी पाहिलं नाही."

"उद्या बदलतो म्हणाला होता."

आनेकेनं कप बाजूला सरकवला.

"अगं बाई," ती म्हणाली. "ते पॅड गोठलेल्या सकाळी म्हणजे लाकडाच्या फळ्या. दोन-तीन मैल ब्रेक मारत जाऊन तापवल्याशिवाय ते धरतच नाहीत. आम्ही पहिली फेरी त्यासाठीच हळू मारतो. पोलिसांचा माणूस गाडी फिरवत आणतो, तोवर ते तापतात, मग मशीनवर सगळं झकास दिसणारच."

नरेल उठून खिडकीपाशी गेली. शेडचं दार तिथून दिसत होतं.

"गार्थला हे माहीत असेल?"

"गार्थला?" आनेकेनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "नव्या पोरांना तोच शिकवतो."

नरेलला नुसतं ऐकून भागेना. पुन्हा कडक दव गोठलं त्या सकाळी गार्थ कामावर गेल्यावर आनेके ट्रेलर घेऊन आली. दोघींनी गाडी तिच्या शेतावर नेली. गोठ्यापासून नदीपर्यंत तिचा खासगी, सरळ रस्ता होता. आनेकेनं कडेला गवताचा एक गठ्ठा ठेवला.

"पन्नासवर ये. गठ्ठ्याशी आलीस की दाब. पुढे माझ्या गाईसुद्धा नाहीत, घाबरू नकोस."

फुटक्या काचेतून नरेलला पुढचं निम्मंच दिसत होतं. गिअर दोनदा चुकला. गठ्ठा आला. तिनं दाबलं. तेच दगडासारखं पेडल. तीच गाडी, न ऐकणारी. गठ्ठा मागे गेला, कुंपणाचे खांब मागे जात राहिले आणि बऱ्याच पुढे जाऊन गाडी कशीबशी थांबली.

"आता ब्रेक मारत मारत दहा चकरा घाल," आनेके ओरडली.

नरेलनं घातल्या. जळक्या धातूचा वास यायला लागला. पुन्हा पन्नास, पुन्हा गठ्ठा, पुन्हा पाय. या वेळी गाडी जागच्या जागी अशी रुतली की पट्टा तिच्या खांद्यात घुसला.

ती दार उघडून खाली उतरली आणि गोठलेल्या गवतावर बसली. आधी तिला हलकं वाटलं, इतकं हलकं की तोंडातून हसू फुटलं. मग क्लॅरीचा वर केलेला हात आठवला आणि त्या हसण्याची तिला किळस आली. आणि मग, शेवटी, उशाशी ठेवलेले ते सगळे चहाचे कप आठवले.

"पाणी देऊ?" आनेकेनं विचारलं.

"नको. मला घरी सोड."

दुपारी गार्थ आला तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली होती.

"ते पॅड अजून गाडीतच आहेत," ती म्हणाली. "आज चालवून आले मी."

त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं नाही. तो खुर्ची ओढून बसला, बूट काढायला लागला, मग एक बूट काढून तसाच थांबला.

"केव्हा कळलं तुला?" तिनं विचारलं.

"फोनवर. तू गाडी नेऊ का म्हणालीस तेव्हाच मनात आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, एवढंसं तर जायचंय. सांगत बसलो तर तुला उशीर होईल. नंतर फोन करावा असंही आलं मनात. मग वळण आलं, वळणानंतर राहून गेलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी तुला सांगितलं होतं शनिवारी. तूच तव्याची गोष्ट काढलीस. तापल्याशिवाय कामाचा नाही म्हणालीस."

नरेल त्याच्याकडे बघत राहिली. एवढं बोलल्यावर त्यालाही ते ऐकू आलं असावं. त्यानं मान खाली घातली.

"माझं लायसन्स गेलं तर मी काय करू, नरेल? टँकरशिवाय मला येतं काय? आणि क्लॅरी तर गेलाच होता. मी बोलून तो परत येणार होता का?"

"मी परत आले असते," ती म्हणाली. "मी वेडी होत चालले होते, गार्थ, आणि तू शेजारी बसून गोळ्या देत होतास. मला म्हणत होतास, पायाला काय कळतं."

"तू माझ्यावर चिडावंस असं मला वाटत नव्हतं."

"म्हणून मी माझ्यावर चिडले तर चाललं तुला."

तो रडायला लागला. नरेलनं त्याला रडू दिलं, जवळ गेली नाही.

"नेटलफोल्डकडे जायचंय," तो थांबल्यावर ती म्हणाली. "पण त्याआधी लॉर्नाकडे. तिला पोलिसांकडून कळता कामा नये. ऊठ."

"आत्ता?"

"दुसरा बूट घाल."

लॉर्नानं दार उघडलं आणि नरेलला बघताच अर्धं लावलं. गार्थनं त्या फटीतून सगळं सांगितलं. अडखळत, दोनदा मागे जाऊन. पॅड, पाऊस, फोन. लॉर्ना दाराची कडी धरून ऐकत होती.

"म्हणजे फोनवर नुसतं 'थांब' म्हणायचं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"तेवढंच?"

"हो."

ती नरेलकडे वळली. "आता मी काय करू, सांग. तुझा राग करायची सवय झाली होती मला. सकाळी उठले की तेवढंच एक ठरलेलं असायचं."

"कर राग," नरेल म्हणाली. "गाडी मीच चालवत होते."

"तुम्ही दोघं जा इथून," लॉर्ना म्हणाली. आवाज चढवला नाही. दार मात्र पूर्ण लावलं.

पोलिसांनी गाडी पुन्हा नेली, या वेळी रात्रभर उघड्यावर ठेवून थंड तपासली. नरेलवरचा गुन्हा मागे घेतला गेला. नेटलफोल्डनं ते फोनवर न सांगता घरी येऊन सांगितलं आणि उगाचच बराच वेळ दारात रेंगाळला. रस्त्यावर वापरायला परवानगी नसलेले पॅड ठेवून गाडी दुसऱ्याच्या हातात दिली, यासाठी गार्थला कोर्टात उभं राहावं लागलं. तुरुंग टळला, लायसन्स गेलं, आणि त्याबरोबर टँकर. तो बर्नीला भावाकडे राहायला गेला, तिथं भावानं त्याला लाकडाच्या वखारीत कामाला लावलं. नरेलनं त्याला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. त्यानं बॅग भरली तेव्हा ती बागेत वाळलेल्या वेली तोडत होती. क्लबनं ट्रॅकच्या फाटकावर नवा नियम लावला, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचे पॅड बघून मगच सोडायचं. फाटकावर आनेके स्वतः उभी राहू लागली.

आश्रमानं नरेलला पुन्हा कामावर घेतलं. ती चालत जायची, चर्चचा उतार टाळून, मागच्या गल्लीनं. ऊना तोवर फार वाळली होती. नर्सांनी प्रयत्न केले, लॉर्ना रोज यायची, पण ऊना कुणाच्या हातून दोन चमच्यांवर खाईना. नरेल पेज करून वाडगा खिडकीतून बाहेर द्यायची. स्वतः घेऊन खोलीत जायची तिची हिंमत नव्हती, आणि लॉर्नानंही कधी बोलावलं नाही. ऑक्टोबरात, बागेत फुलं आली असताना, ऊना झोपेतच गेली.

दफनाला गाव जमलं होतं. नरेल मागे कुंपणाशी उभी राहिली. गार्थ बर्नीहून बसनं आला होता. कोट त्याला सैल झाला होता. सगळं आटोपल्यावर तो तिच्याकडे आला.

"बरी आहेस?"

"आहे."

"संध्याकाळची बस आहे माझी. तोवर घरी यावं म्हटलं. पन्हाळीचा पाइप गळतोय म्हणाला होता नेटलफोल्ड. बघतो तो."

"आनेकेनं दुरुस्त केला."

"अच्छा."

लॉर्ना लोकांशी हात मिळवत जवळून गेली. तिनं दोघांकडेही पाहिलं, थांबली नाही.

"मी निघते," नरेल म्हणाली. "जेवणाची पाळी आहे."

तिनं ओव्हरकोटची बटणं लावली आणि आश्रमाच्या दिशेनं चालायला लागली. दुपारच्या जेवणाला बत्तीस माणसं होती आणि बटाटे अजून सोलायचे होते.